एफटीआयआरचा पीसीए पावसाळ्यात सगळ्याच रंगांत सरस हे चिकटद्रव्य दाखवतोय? आधी हे तपासा

लक्षण आधी सांगते, तुमचंही हेच असेल तर पुढे वाचा. भिंतीवरच्या जुन्या चित्राचे गळून पडलेले कण गोळा केलेत, एफटीआयआरवर (इन्फ्रारेड किरण कुठे किती शोषले जातात ते मोजणारं मशीन) त्यांचे स्पेक्ट्रा, म्हणजे त्या शोषणाचे आलेख, काढलेत, सगळे एका टेबलात टाकून पीसीए (नमुन्यांतले मुख्य फरक शोधणारं गणित) चालवलाय आणि स्कोअर प्लॉटवर, जिथे प्रत्येक नमुना एक ठिपका असतो, दोन छान सुटे पुंजके आलेत. एका पुंजक्यातल्या नमुन्यांना १६५० च्या आसपास ठळक बँड (शोषणाचा उंचवटा) आहे, दुसऱ्यांना जेमतेम. (इथून पुढे सगळे आकडे वेव्हनंबरचे, म्हणजे दर सेंटीमीटरमागच्या तरंगांचे, दर वेळी लिहीत नाही.) मग साहजिकच वाटतं की एका भागात रंग सरसात (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं चिकटद्रव्य) कालवलेत आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे दोन वेगळे हात, कदाचित दोन वेगळे काळ. आणि काही महिन्यांनी तेच कण परत मोजायला घेतले की पुंजके भलतेच येतात.

हे मी आतापर्यंत तीन जणांच्या कामात बघितलंय, त्यातलं एक माझं. दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला कोणीतरी हाच प्लॉट घेऊन विचारायला येतं म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

माझी केस अशी होती. एक जुना वाडा, चुन्याच्या गिलाव्यावर चित्रं, एकाच भिंतीवर खालचा पट्टा आणि वरचा पट्टा. खालच्या पट्ट्याला ओल आली होती म्हणून तिथले कण आधी पडायला लागले, ते जुलैमध्ये मोजले. वरचा पट्टा हाताला लागायला परांची लागणार होती, ती मिळाली डिसेंबरमध्ये, मग ते कण तेव्हा मोजले. कण म्हणजे तांदळाच्या कणीएवढे, एका बाजूला गेरू किंवा हिरवा, दुसऱ्या बाजूला पांढरा चुना. खलात पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर घोटायचे, गोळी दाबायची, मशीनमध्ये ठेवायची. पीसीएमध्ये खालचा पट्टा एकीकडे, वरचा एकीकडे, मध्ये एकही नमुना नाही. इतकं स्वच्छ वेगळेपण बघून मला फार आनंद झाला होता आणि मी खालच्या पट्ट्यात सरस आहे असं अहवालाच्या कच्च्या मसुद्यात लिहूनसुद्धा टाकलं होतं.

मग सरांनी एवढंच विचारलं की लोडिंग कुठंय.

लोडिंग म्हणजे तो पीसी (पीसीएने शोधलेली फरकाची एक दिशा) नेमक्या कुठल्या वेव्हनंबरवर उभा आहे हे दाखवणारी रेघ. स्कोअर प्लॉट तुम्हाला फक्त सांगतो की नमुने वेगळे आहेत, का वेगळे आहेत ते लोडिंग सांगतं, आणि बहुतेक जण स्कोअर प्लॉट रंगवून छापतात आणि लोडिंग उघडूनही बघत नाहीत. मी उघडलं तर पहिल्या पीसीच्या लोडिंगमध्ये दोन रुंद उंचवटे होते, एक ३४३० च्या आसपास आणि एक १६४० ला. आणि १५५० ला काहीच नाही. तिथेच सगळं कळलं. प्रथिन असेल, म्हणजे सरस असो, अंड्याचा बलक असो की दुधाचं केसीन असो, तर प्रथिनाचा अमाइड वन नावाचा बँड १६५० ला येतो आणि त्याच्या जोडीला अमाइड टू १५५० च्या जवळ यायलाच पाहिजे, शिवाय ३३०० ला एन-एचचा बँड. ३४३० आणि १६४० ही जोडी पाण्याची. पोटॅशियम ब्रोमाइड हवेतलं पाणी ओढून घेतं, जुलैमध्ये तर खलात घोटता घोटताच पावडर हाताला दमट लागायला लागते आणि गोळी काचेसारखी स्वच्छ न येता दुधाळ येते. म्हणजे माझ्या पीसीएने जुलै आणि डिसेंबर वेगळे केले होते. भिंतीचा त्यात काही संबंध नव्हता.

खात्री करायला एक सोपी गोष्ट केली, ती तुम्हीही करा, अर्ध्या तासाचं काम आहे. नमुना न घालता नुसत्या पोटॅशियम ब्रोमाइडची एक गोळी भर पावसाच्या दिवशी बनवून मोजा, आणि तो स्पेक्ट्रम आधीच बनवलेल्या पीसीए मॉडेलवर प्रोजेक्ट करा, म्हणजे जुन्याच प्लॉटवर तो कुठे पडतो ते बघा, नवीन मॉडेल बनवू नका. माझी रिकामी गोळी "सरस असलेल्या" पुंजक्याच्याच दिशेला गेली, त्यांच्याही पलीकडे. तिच्यात ना रंग होता ना सरस.

आता यातली खरी अडचण नीट समजून घ्या, कारण इथेच लोक चुकीचा उपाय करतात. पहिला विचार येतो की १६४० चं पाणी गणिताने वजा करून टाकू, किंवा तो भाग कापून टाकू. वजा करता येतं थोडंफार, पण माझ्या बाबतीत खालचा पट्टा आणि पावसाळा या दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या होत्या, खालचा एकही कण डिसेंबरात मोजलेला नव्हता आणि वरचा एकही जुलैत नाही. अशा डेटामध्ये कुठलंही गणित सांगू शकत नाही की फरक भिंतीतला आहे की हवेतला. एसएनव्ही (प्रत्येक स्पेक्ट्रम सारख्या मापात आणायचं गणित) लावा, डेरिव्हेटिव्ह (आलेखाच्या उताराचा हिशोब) लावा, काहीही लावा, ती माहिती डेटात नाहीचये. परत मोजणं हाच उपाय, आणि या वेळी क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, म्हणजे वरचा, खालचा, खालचा, वरचा असे मिसळून, एकाच आठवड्यात. नमुने थोडे असतील आणि सगळे परत मोजणं शक्य नसेल तर निदान दोन्हीकडचे पाच-सहा तरी.

परत मोजताना गोळीची शिस्त अशी: पोटॅशियम ब्रोमाइड ११० अंशाच्या ओव्हनमध्ये नीट वाळवून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) गार करायचं, बाटली उघडी ठेवून गप्पा मारायच्या नाहीत, प्रमाण ठरलेलं ठेवायचं (साधारण १ मिलिग्रॅम नमुन्याला १०० ते २०० मिलिग्रॅम), घोटायचा वेळही ठरलेला. रोज सुरुवातीला एक रिकामी गोळी आणि एक ओळखीचा नमुना मोजायचा. ओळखीचा नमुना म्हणजे मी चुना, गेरू आणि सरस घेऊन स्वतः बनवलेला तुकडा आहे, तो डेसिकेटरमध्येच राहतो. त्याचा स्पेक्ट्रम रोज मॉडेलवर टाकून बघते, तो जागचा हलला तर त्या दिवशीचं बाकी काहीही मोजलेलं खरं धरत नाही.

पाण्याबद्दल अजून एक, कारण दोन वेगळी पाणी लोक एकच समजतात. गोळीत मुरलेलं पाणी रुंद बँड देतं. मशीनच्या आतल्या हवेतली वाफ मात्र बारीक बारीक टोकदार रेषा देते, एकीकडे ३९०० ते ३५०० आणि दुसरीकडे १९०० ते १३५० च्या पट्ट्यात, जणू कंगव्याचे दात. साध्या स्पेक्ट्रममध्ये त्या दिसतही नाहीत पण तुम्ही सेकंड डेरिव्हेटिव्ह घेतला की त्याच सगळ्यात मोठ्या होतात, कारण डेरिव्हेटिव्ह टोकदार गोष्टींना उचलून धरतो आणि रुंद गोष्टींना दाबतो, आणि सरसाचे बँड रुंदच असतात. म्हणून लोडिंगमध्ये कंगवा दिसला तर बाइंडरबद्दल (रंग बांधून ठेवणारं सरस, डिंक, तेल वगैरे) एक अक्षर बोलू नका. बॅकग्राउंड (नमुना न ठेवता घेतलेलं माप) दर नमुन्याआधी नव्याने घ्या, नायट्रोजन किंवा कोरड्या हवेचा पर्ज (मशीनमध्ये सोडलेला झोत) असेल तर झाकण लावल्यावर थोडं थांबून मग स्कॅन सुरू करा, आणि मशीनमधला डेसिकंट (ओल शोषणारा पदार्थ) कधी बदललाय ते बघा, आमच्याकडे ते इंडिकेटरचं कार्ड कोणी कित्येक दिवस बघितलंच नव्हतं.

समजा तुम्ही एटीआर वापरताय, म्हणजे नमुना थेट हिऱ्याच्या तुकड्यावर दाबून मोजताय, गोळीची भानगडच नाही, तरी हेच पुंजके दुसऱ्या कारणाने येतात. हिऱ्याच्या एटीआरमध्ये किरण नमुन्यात फार आत जात नाही, १००० जवळ साधारण २ मायक्रॉन आणि ३००० जवळ एक मायक्रॉनही नाही. म्हणजे कणाची कुठली बाजू हिऱ्यावर ठेवली त्यावर सगळं ठरतं, रंगाची बाजू खाली असेल तर रंग, उलटा पडला तर नुसता चुना. कण इतका लहान असतो की चिमट्यातून सुटून उलटा पडला तर कळतही नाही, म्हणून मी मायक्रोस्कोपखाली बघूनच ठेवते आणि वहीत "रंग खाली" असं प्रत्येक रनपुढे लिहिते. दुसरं म्हणजे काही नमुने गोळीने आणि काही एटीआरने मोजून एकाच टेबलात घालू नका. एटीआरमध्ये मजबूत बँड खालच्या वेव्हनंबरकडे थोडे सरकतात, चुन्याच्या कॅल्साइटचा १४२० चा मोठा बँड तर चांगलाच सरकतो, आणि पीसीएला वाटतं ही दोन वेगळी द्रव्यं आहेत. याची खूण अगदी ठरलेली आहे, लोडिंगमध्ये त्या जागी एक टोक वर आणि लगेच शेजारी एक खाली. असं दिसलं की द्रव्य तेच आहे, फक्त सरकलंय.

चुन्यावरच्या चित्रांत कॅल्साइट हा सगळ्यात मोठा आवाज. १४२० चा रुंद बँड, ८७५ आणि ७१२ चे टोकदार. त्याच्यापुढे सरस-डिंक म्हणजे कुजबुज. आख्ख्या स्पेक्ट्रमवर एसएनव्ही लावलं की प्रत्येक नमुना त्या कॅल्साइटच्या हिशोबानेच मोजला जातो, ज्यात चुना जास्त त्यात बाकी सगळं कमी झाल्यासारखं दिसतं, आणि मग लोडिंगमध्ये १४२० च्या उलट दिशेला १६५० दिसतो आणि आपण लिहितो की चुना कमी तिथे सरस जास्त. हे नुसतं नॉर्मलायझेशनमुळे आलेलं असू शकतं. मी आता दोन मॉडेल वेगळी चालवते. एक खनिजांसाठी १५०० च्या खालचा भाग घेऊन, एक बाइंडरसाठी, ३०५० ते २८०० आणि १८०० ते १४८० एवढेच तुकडे घेऊन आणि तेवढ्यावरच नॉर्मलाइझ करून. कॅल्साइटचा उतार १५०० पर्यंत येतोच, शिवाय त्याचा एक छोटा बँड १७९५ ला असतो, तो तेलाच्या कार्बोनिलच्या (कार्बन-ऑक्सिजन जोडीच्या) बँडजवळ गडबड करतो, म्हणून बेसलाइन त्या तुकड्यातच सरळ करावी लागते. आणि ऑटोस्केलिंग (प्रत्येक वेव्हनंबरला सारखंच वजन देणं) तर स्पेक्ट्रावर करूच नका, नुसतं मीन सेंटरिंग (सरासरी वजा करणं) पुरे. ऑटोस्केल केलं की जिथे काहीच नाही तिथल्या नॉइजलाही अमाइडएवढंच वजन मिळतं.

१६५० च्या शेजारची गर्दीही लक्षात ठेवा. जिप्सम असेल तर १६८५ आणि १६२० अशी जोडी येते. कॅल्शियम ऑक्झलेट, जुन्या भिंतींवर हमखास सापडणारं, १६२० ते १६४० मध्ये बसतं, पण त्याचा १३२० चा टोकदार बँड त्याला उघडं पाडतो. डिंकाचाही १६०० च्या वर रुंद बँड आहे, पण त्याचं खरं ठिकाण १०८० ते १०२० चं, जे नेमकं मातीच्या सिलिकेटखाली लपतं. आणि अमाइड टू म्हणून ज्यावर भरवसा ठेवायचा त्या १५४० लाही फसायला होतं, कारण तेल आणि चुना एकत्र आले की कॅल्शियमचा साबण तयार होतो, त्याचे बँड १५७५ आणि १५४० ला, शिशाच्या सफेद्याबरोबर शिशाचा साबण, तो १५१० ते १५४० मध्ये. साबण असेल तर २९२० आणि २८५० चे सी-एच बँड टोकदार आणि उंच असतात आणि ३३०० ला काही नसतं. म्हणून मी सरस आहे असं तेव्हाच लिहिते जेव्हा ३३००, १६५०, १५५० तिन्ही एकत्र असतात आणि त्याच कणाच्या तीन वेगळ्या जागी असतात.

आता एक धोक्याची सूचना, उपाय करताना झालेल्या नुकसानाची. कार्बन डायऑक्साइड त्रास देतो म्हणून २४०० ते २२८० कापून टाका असा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि हिऱ्याची स्वतःची शोषणं आहेत म्हणून काही जण थेट २४०० ते १९०० सगळंच उडवतात. निळा रंग बघत असाल तर हे करू नका! खऱ्या दगडाच्या लॅपिस लाझुलीत, जी अजिंठ्याच्या निळ्यात आहे आणि जिचा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला मानला जातो, स्फटिकाच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइडचे रेणू अडकलेले असतात आणि त्यांचा एकच अरुंद बँड २३४० ला येतो. १८२० च्या दशकाच्या अखेरीपासून कारखान्यात बनायला लागलेल्या कृत्रिम अल्ट्रामरीनमध्ये तो नसतो. दोघांचा १००० जवळचा सिलिकेटचा बँड मात्र सारखाच, त्यामुळे या दोघांना इन्फ्रारेडने वेगळं करायची मुख्य जागा तीच आहे जी तुम्ही कापून फेकलीत. हवेतल्या वायूची २३६० आणि २३४० अशी जोडी असते, अडकलेल्याचा एकटाच बँड, त्यामुळे बॅकग्राउंड लगेच घेऊन परत स्कॅन केलं तर फरक कळतो. प्रशियन ब्लूचंही तेच, त्याचा २०९० चा बँड इतका एकटा आणि स्पष्ट असतो की तो दिसला की चित्र किंवा निदान ती डागडुजी अठराव्या शतकाच्या आधीची नाही हे कळतं, कारण हा रंगच त्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला. दोन सगळ्यात बोलके निळे आणि दोन्ही त्या कापलेल्या तुकड्यात.

उलट बाजूने, जे रंग इथे दिसतच नाहीत त्यांच्याबद्दल पीसीएकडून काही वदवून घेऊ नका. हिंगूळ आणि हरताळ दोन्ही सल्फाइड, त्यांचे बँड ४०० च्या खाली. "लाल नमुने वेगळे पडले" असं तुमचा प्लॉट म्हणत असेल आणि तो लाल हिंगूळ असेल तर वेगळं पडलंय ते त्याच्याबरोबरचं दुसरं काहीतरी. त्यासाठी एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं) किंवा रामन (लेझरने द्रव्य ओळखणारं) बरोबर ठेवा.

अजिंठ्यावरून अजून एक कारण आठवलं जे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९२० ते १९२२ मध्ये निजामाने बोलावलेले इटालियन संवर्धक, चेक्कोनी आणि ओर्सिनी, यांनी तिथल्या चित्रांवर चपडा लाखेचं वॉर्निश दिलं होतं, नंतर ते पिवळं-तपकिरी पडलं. लाखेचा कार्बोनिल १७१५ ते १७३५ मध्ये, सी-एच २९३० आणि २८५५ ला, म्हणजे घाईत बघितलं तर जुनं जवसाचं तेलच. डागडुजी झालेल्या कुठल्याही भिंतीचा पीसीए केला तर सगळ्यात आधी तो हे वेगळं करतो की कुठे वॉर्निश लागलंय आणि कुठे नाही, मूळ चित्रकार खूप नंतर येतो. म्हणून संवर्धनाच्या जुन्या नोंदी मिळतील तेवढ्या आधी वाचा, आणि लाख, तसंच पॅरालॉइड आणि पीव्हीए ही संवर्धनातली कृत्रिम रेझिनं, यांचे स्पेक्ट्रा संदर्भ म्हणून मॉडेलवर टाकून बघा. पॅरालॉइड १७२८ ला, पीव्हीए १७३५ आणि १२४० ला, एकमेकांच्या इतके जवळ की नुसत्या कार्बोनिलवर ठरवता येत नाही.

ज्यांना पुढे जाऊन पीएलएस-डीए (आधी ठरवलेल्या गटांत नमुने ओळखायला शिकणारं मॉडेल) वगैरेने वर्गीकरण करायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. एका कणाचे पाच स्पेक्ट्रा म्हणजे पाच नमुने नव्हेत. रँडमली विभागणी केली की त्याच कणाचे तीन स्पेक्ट्रा ट्रेनिंगमध्ये आणि दोन टेस्टमध्ये जातात, मॉडेल तो कणच ओळखायला शिकतं आणि अचूकता जवळजवळ शंभर टक्के येते. आख्खा कण बाहेर ठेवा, शक्य असेल तर आख्खा मोजणीचा दिवस बाहेर ठेवा. आकडा खाली येईल, तोच आकडा लिहा.

माझ्या वाड्याचं पुढे काय झालं ते सांगते. फेब्रुवारीत दोन्ही पट्ट्यांचे कण मिसळून चिठ्ठ्यांच्या क्रमाने मोजले, वाळवलेल्या पावडरने. जुलै-डिसेंबरचा फरक पूर्ण गेला. पहिला पीसी आता कॅल्साइट विरुद्ध जिप्सम निघाला, एका टोकाला १४२० आणि ८७५, दुसऱ्या टोकाला १११५ आणि ६७०, आणि जिप्सम जास्त खालच्या पट्ट्यात, जिथे ओल चढते. म्हणजे पट्ट्यांत फरक होता, पण तो भिंतीला झालेल्या आजाराचा. वरच्या पट्ट्यातल्या काही कणांत ऑक्झलेटचा १३२० सापडला. आणि ३३००, १६५०, १५५० तिन्ही एकत्र फक्त दोन कणांत, दोन्ही हिरव्या पानांच्या भागातले, एक वरचा, एक खालचा. त्या दोन्ही कणांचे उरलेले तुकडे मी खलात घातलेले नाहीत, एटीआरवर हलकेच दाबून मोजलेत आणि सिलिका जेलच्या डबीत, काचेच्या छोट्या बाटल्यांत ठेवलेत, प्रथिन नक्की कुठलं ते अमिनो आम्लांच्या जीसी-एमएसवरून (रेणू सुटे करून त्यांच्या वजनावरून ओळखणारी तपासणी) बघायचंय, मशीनचा नंबर लागला की.